फिगर स्केटिंगची स्पर्धा पाहायला जाताना: टाळी कधी, शांतता कधी

६० मीटर लांब, ३० मीटर रुंद बर्फ आणि त्यावर एकच माणूस. फार तर दोन. शॉर्ट प्रोग्राम (स्पर्धेतला पहिला कार्यक्रम) असेल तर साधारण २ मिनिटं ४० सेकंद, फ्री स्केट (दुसरा, मोठा कार्यक्रम) असेल तर साधारण ४ मिनिटं. वर्षभराची मेहनत तेवढ्यात दाखवायची. चार फेऱ्यांची उडी हवेत जेमतेम पाऊण सेकंद टिकते, आणि उतरायचं ते एका पायावर, काही मिलिमीटर जाडीच्या पात्यावर, पाठमोरं सरकत.

अशा खेळात प्रेक्षक नुसता बघ्या राहत नाही. त्याच्या टाळ्यांनी स्केटरला बळ येतं, आणि त्याच्याच अवेळी आवाजाने, फ्लॅशने, बर्फावर पडलेल्या एखाद्या पाकळीने घातही होऊ शकतो. शिष्टाचारांची यादी लांबलचक आहे, पण ती पाठ करायची गरज नाही. स्केटरचं लक्ष आणि बर्फाचा पृष्ठभाग, या दोहोंना आपल्यामुळे धक्का लागू नये एवढं डोक्यात ठेवलं की निम्म्याहून अधिक नियम आपोआप सुचतात.

२०२४ची जागतिक स्पर्धा मॉन्ट्रियलला झाली, २०२५ची बॉस्टनला. दोन्हीकडे मराठी कुटुंबं आहेत. टीव्हीवर हा खेळ आवडीने पाहणारे, पण हॉलमध्ये कधी न गेलेले, असे बरेच जण भेटतात. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी. ज्यांची मुलं परदेशातल्या रिंकवर स्केटिंग शिकतात त्यांच्यासाठी शेवटचा भाग वेगळा लिहिला आहे, आणि तो जरा परखड आहे.

तिकीट काढताना

हंगामाचं चक्र असं: ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ग्रां प्री या मालिकेच्या सहा स्पर्धा, डिसेंबरमध्ये त्यांची अंतिम फेरी, जानेवारी-फेब्रुवारीत युरोपियन आणि (युरोपबाहेरच्या देशांसाठी) चार खंडांची स्पर्धा, मार्चमध्ये जागतिक स्पर्धा. पहिल्यांदा जात असाल तर ग्रां प्रीची स्पर्धा बरी. एकेरीत बाराच्या आसपास स्केटर असतात, त्यामुळे एक सत्र दीड-दोन तासांत संपतं. जागतिक स्पर्धेच्या शॉर्ट प्रोग्रामला तिसाहून जास्त स्केटर उतरतात आणि दिवसाचा मोठा भाग त्यातच जातो. सवय नसेल तर दुपारपर्यंत पाठ धरते.

जागा कुठली घ्यावी? परीक्षक एका लांब बाजूला बसतात आणि कार्यक्रमाची रचना बहुधा त्या बाजूकडे तोंड करून केलेली असते. परीक्षकांच्या बाजूच्या जागा म्हणूनच महाग. समोरच्या बाजूला पाठ जास्त दिसते, पण पैसे वाचतात, आणि उड्यांची उंची तिथूनही तितकीच कळते. कठड्याला लागून असलेली पहिली रांग मात्र जपून घ्या. पात्याचा आवाज ऐकू येतो हे खरं, पण कठड्यामुळे जवळच्या कोपऱ्यातले पाय दिसत नाहीत, आणि तुम्ही तिथे जे काही कराल ते स्केटरच्या थेट नजरेत येतं. दहा-पंधरा रांगा वर बसलं तर बर्फावरची पूर्ण नक्षी दिसते.

काय नेसायचं, काय न्यायचं

हॉल थंड असतो. बाहेर ऊन असलं तरी जाकीट, मोजे आणि मांडीवर घ्यायला शाल हवीच. थंडीने गारठलेला माणूस दर दहा मिनिटांनी कॉफीसाठी उठतो आणि सगळ्या रांगेला उठवतो, म्हणून हाही शिष्टाचाराचाच भाग समजा. हातमोजे घालणार असाल तर टाळी वाजवताना काढा. लोकरीच्या मोज्यातली टाळी शेजाऱ्यालाही ऐकू येत नाही.

अमेरिकेतल्या पुष्कळ हॉलमध्ये पारदर्शक किंवा अगदी छोटीच पिशवी चालते. बाहेरचं खाणं बहुतेक ठिकाणी दारातच अडवतात. आत विकत घेतलंत तरी पाकीट आधीच फोडून ठेवा. शांत हॉलमध्ये वेफर्सच्या पाकिटाचा चुरचुराट आठ-दहा रांगांपर्यंत जातो, आणि मग लोक वळून बघतात. भोंगे, पिपाण्या, घंटा, ढोल-ताशा यांतलं काहीही न्यायचं नाही. उग्र अत्तर लावू नका. शेजारच्या माणसाला तुमच्याजवळ सलग चार तास बसायचं असतं.

दार बंद असतं तेव्हा

नव्या प्रेक्षकाला सगळ्यात जास्त राग येतो तो इथे. तुम्ही पाणी घेऊन परत येता आणि दाराशी उभी असलेली स्वयंसेवक बाई हात आडवा धरते. स्केटर बर्फावर आहे, आता आत जाता येणार नाही. हुज्जत घालू नका. बसलेल्या प्रेक्षकांत एकटं माणूस जिना चढताना फार ठळक दिसतं, आणि गिरकी घेणाऱ्याच्या नजरेच्या कडेला होणारी हालचाल त्याला खटकू शकते. मागे बसलेल्यांची तर चार मिनिटंच असतात. त्यांतली वीस सेकंद तुमची पाठ बघण्यात गेली तर ती परत मिळत नाहीत.

मग उठायचं कधी? एकाचा कार्यक्रम संपून त्याचे गुण जाहीर होईपर्यंतचा वेळ मोकळा असतो, पण तो तोकडा. तेवढ्यात फक्त जागेवर परत या किंवा रांग ओलांडा. खाणंपिणं, शौचालय हे सगळं बर्फ गुळगुळीत करण्याच्या मध्यंतरावर सोडा. साधारण दोन गटांनंतर (एका गटात सहाच्या आसपास स्केटर) झॅम्बोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणारी गाडी, येते आणि पंधरा-वीस मिनिटं मिळतात. मध्यंतर झालं की शौचालयाबाहेर मोठी रांग लागते. ज्यांना घाई आहे त्यांनी मध्यंतराआधीच्या शेवटच्या स्केटरचे गुण जाहीर होताहोता निघावं, त्याचा कार्यक्रम चालू असताना नव्हे.

तुमची जागा रांगेच्या मध्यात असेल तर वेळेआधी वीस मिनिटं येऊन बसा. आणि वेळेआधी म्हणजे पहिल्या गटाआधी. फ्री स्केटमध्ये उतरण्याचा क्रम शॉर्ट प्रोग्रामच्या गुणांच्या उलट लागतो, म्हणजे मागे पडलेले आधी. 'मोठे स्केटर शेवटी येतात, आपण निवांत जाऊ' हा हिशेब करणाऱ्यांचं काय होतं ते २०१४ साली सोची ऑलिंपिकमध्ये दिसलं. जपानची माओ असादा शॉर्ट प्रोग्राममध्ये १६वी आली होती. फ्री स्केटमध्ये तिने जे केलं ते आजही त्या खेळाचे चाहते डोळ्यांत पाणी आणून सांगतात. एकूणात ती सहावी आली. पण ती उतरली चार गटांतल्या दुसऱ्याच गटात. शेवटच्या गटासाठी येणाऱ्यांचं ते हुकलं.

पहिल्या गटांत या खेळात नवख्या असलेल्या देशांचे स्केटर असतात. आपली तारा प्रसाद भारताकडून चार खंडांच्या आणि जागतिक स्पर्धेत उतरली आहे. असं नाव पुकारलं जातं तेव्हा हॉल अर्धा रिकामा असतो. तिथे तुमच्या दहा टाळ्यांना शेवटच्या गटातल्या शंभर टाळ्यांपेक्षा जास्त वजन आहे.

वॉर्मअपची सहा मिनिटं

एकेरीत साधारण सहा जण एकत्र बर्फावर येतात आणि सहा मिनिटं सराव करतात. ही वेळ प्रेक्षकांसाठी सर्वांत सैल. बोला, कार्यक्रमपत्रिका चाळा, नावं पुकारली जातील तेव्हा टाळ्या द्या. एखादी चांगली उडी दिसली तर दाद द्यायलाही हरकत नाही. फक्त एकाच्याच नावाचा गजर सहाही मिनिटं करू नका, कारण बाकीचे पाच जण तिथेच आहेत आणि त्यांनाही ऐकू येतं.

वॉर्मअप धोक्याचाही असतो. २०१४च्या चीनमधल्या ग्रां प्री स्पर्धेत जपानचा युझुरू हान्यू आणि चीनचा यान हान यांची वॉर्मअपमध्येच जोरदार टक्कर झाली होती. सहा जण उलटे-सुलटे, वेगाने फिरत असतात आणि एकमेकांची चाहूल कानांनीही घेतात. त्यांना कठड्यापाशी वाकून हाका मारणं म्हणूनच अगदी वर्ज्य.

नाव पुकारल्यापासून शेवटच्या पवित्र्यापर्यंत

आता मूळ मुद्दा. नाव पुकारलं की स्केटरला ३० सेकंदांच्या आत सुरुवातीच्या पवित्र्यात उभं राहावं लागतं. उशीर झाला तर गुण कापला जातो. हे तीस सेकंद तुमचे. टाळ्या, नावाची हाक, 'गुड लक', सगळं तेव्हाच. रशियन 'दावाय' म्हणतात, फ्रेंच 'आले', जपानी 'गाम्बा', इटालियन 'फोर्झा'. तुम्ही मराठीत ओरडलात तरी कुणाची हरकत नसते. आवाजातला भाव पोचतो.

स्केटर थांबला, मान खाली गेली, हात जागेवर आले, की त्याच क्षणी गप्प. पूर्ण गप्प. या शांततेत कुणी तरी एकटा 'आय लव्ह यू' ओरडतोच. हॉलमध्ये हशा पिकतो, ओरडणाऱ्याला बरं वाटतं, आणि ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्या श्वासाची लय मोडते. मला हे प्रेक्षकांच्या सगळ्या वाईट सवयींत सर्वांत वाईट वाटतं, कारण ते आपुलकीच्या नावाखाली होतं.

घरचा स्केटर असेल तर आवाज लवकर थांबत नाही. २०१० साली व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये कॅनडाची जोआनी रोशेत आईच्या निधनानंतर दोनच दिवसांनी शॉर्ट प्रोग्रामला उतरली. अशा वेळी प्रेक्षकांना भरून येणं साहजिक आहे. पण भरून आलेलं सगळं पहिल्या सुराआधी बाहेर काढून मोकळं व्हायचं. तिने त्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं.

संगीत सुरू झाल्यावर टाळी कुठे? सवाई गंधर्व महोत्सवात बसलेला जाणकार श्रोता तान चालू असताना टाळी वाजवत नाही, समेची वाट बघतो. इथली सम म्हणजे उडीनंतरचं उतरणं. उडी घेताना नाही, हवेत असताना नाही. मागचा पाय मोकळा सुटला, हात पसरले, स्केटर वक्र रेषेत सरकायला लागला, की टाळी. जोडउडी असेल तर आणखी अर्धा श्वास थांबा. पहिल्या उडीनंतर लगेच दुसरी येते, आणि पहिलीवरच टाळ्यांचा कडकडाट केलात तर दुसरीच्या उड्डाणात तो मिसळतो.

उड्यांमध्ये अक्सेल ओळखायला सगळ्यात सोपी, कारण ती एकटीच पुढे तोंड करून घेतली जाते. स्केटर समोर बघत, मोकळा पाय झोकून वर जाताना दिसला की टाळीला हात तयार ठेवा. लुट्झ या उडीच्या आधी बहुधा लांब, उलटी, कोपऱ्याकडे जाणारी सरकत असते. तेव्हा हॉल आपोआप श्वास रोखतो. त्या शांततेत तुम्हीही सामील व्हा.

गिरकीवर दाद शेवटी द्यायची. वेग वाढत जातो, आसन बदलतं, आणि बाहेर पडताना टाळी. फार सुंदर आसन असेल, पाय डोक्यामागून वर ओढून धरलेला असेल, तर मध्येच हलकी टाळी चालते. आइस डान्समध्ये, म्हणजे जोडीने बर्फावर करायच्या नृत्यात, मोठ्या उड्या नसतातच; तिथे एका पायावर सरकत दोघांनी एकाच वेळी घेतलेल्या फिरक्या आणि लिफ्ट (जोडीदाराला उचलून धरणं) बघा. लिफ्टमधली जोडीदार सुखरूप खाली आल्यावर टाळी द्या, ती वर असताना नाही.

आता तालावर टाळ्या वाजवण्याबद्दल. उत्तरार्धात पदन्यास येतो, संगीत वेग धरतं, आणि सगळा हॉल टाळ्यांनी ठेका धरतो. मजा येते. पण हा ठेका घसरतो, आणि त्याचं कारण साधं आहे: आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ८५ मीटरवरच्या स्टँडमधली टाळी तुमच्यापर्यंत पाव सेकंद उशिरा पोचते. प्रत्येक जण दुसऱ्याच्या टाळीमागून वाजवू लागला की ठेका ओढला जातो, आणि बर्फावरचा माणूस स्पीकर ऐकायचा की प्रेक्षक या पेचात सापडतो. म्हणून शेजाऱ्याच्या टाळीकडे लक्ष न देता स्पीकरकडे द्या. ताल सुटतोय असं वाटलं तर थांबा. पियानोच्या संथ तुकड्यावर तर ठेका धरूच नका. तिथे हजार जणांच्या टाळ्यांनी रचना चिरडली जाते. आणि ठेका चालू असताना पुढे उडी येताना दिसली तर हात आवरा. २०१८-१९ च्या हंगामापासून उत्तरार्धातल्या काही ठरावीक उड्यांना १० टक्के जादा गुण मिळतात, त्यामुळे अवघड उड्या नेमक्या प्रेक्षक रंगात आल्यावर येतात.

ओळखीचं गाणं लागलं तर? २००९-१० च्या हंगामात अमेरिकेचे मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट हिंदी चित्रपटगीतांवर नाचले होते, आणि भारतीय प्रेक्षकांना कोण आनंद झाला. अशा वेळी ठेका हातांत ठेवा, गळ्यात नको. शिट्टी तर खिशातच राहू द्या.

शेवटचा पवित्रा घेतला की मग काही राखून ठेवायचं नाही. उभं राहायचं असेल तर राहा. अमेरिकेत लोक पटकन उभे राहतात; प्रत्येकासाठी उभं राहिलं की त्याला किंमत उरत नाही असं माझं मत, पण तुम्ही एकटेच बसून राहिलात तर पुढे काही दिसणार नाही हेही खरं.

कुणी पडलं तर

तोंडातून 'आई गं!' निघणारच. ते आवरायचा प्रयत्न करा, नाही जमलं तरी चालेल. महत्त्वाचं ते त्यानंतरचं. स्केटर उठून पुन्हा संगीत पकडतो, त्या दोन-तीन सेकंदांत छोटी, ठाम टाळी द्या आणि मग शांत व्हा. लांबलेली सहानुभूतीची टाळी त्याला पुढच्या घटकापर्यंत चिकटते. पहिल्या पडण्याला एक गुण जातो. त्यापलीकडे कार्यक्रम अजून शिल्लक असतो, आणि स्केटरच्या डोक्यात तोच असतो.

कधी मध्येच थांबावं लागतं. व्हँकुव्हरलाच जपानच्या नोबुनारी ओदाच्या बुटाची नाडी फ्री स्केट चालू असताना तुटली. तो रेफरीकडे गेला, नाडी बांधून परत आला, कार्यक्रम पूर्ण केला आणि सातवा आला. असं काही झालं तर आपण जागेवर बसून राहायचं, फोन काढून शूटिंग करायचं नाही, आणि तो परत बर्फावर आला की टाळ्यांनी उभारी द्यायची. दुखापत झाली असेल तर तेवढंही नको.

प्रतिस्पर्धी पडल्यावर टाळी वाजवणं हा इथला महापाप गटातला गुन्हा. आवडत्या स्केटरचा मार्ग मोकळा झाल्याचा आनंद मनात ठेवा. चेहऱ्यावरही नको, मोठ्या पडद्यावर कॅमेरा प्रेक्षकांकडे फिरत असतो.

फुलं आणि खेळणी

कार्यक्रम संपल्यावर बर्फावर फुलं आणि मऊ खेळणी पडतात, आणि स्थानिक क्लबची लहान मुलं स्केटवरून ती वेचतात. हान्यूच्या चाहत्यांनी तर विनी द पूचा पाऊस पाडायची प्रथाच केली. २०१८ साली प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये पिवळ्या अस्वलांनी बर्फ झाकला गेला होता. बघायला विलक्षण. पण ते वेचेपर्यंत त्याच्यानंतरचा स्केटर ताटकळत फिरत असतो, अंग थंड होत जातं, आणि त्या बिचाऱ्याने कुणाचं काही बिघडवलेलं नसतं.

कोविडच्या काळात बर्फावर काही टाकायला बंदी आली आणि काही आयोजकांनी ती नंतरही ठेवली. म्हणून आधी स्पर्धेच्या संकेतस्थळावर नियम वाचा. जपानमध्ये बऱ्याच ठिकाणी स्केटरच्या नावाच्या पेट्या ठेवलेल्या असतात. भेट आणि चिठ्ठी त्यात टाकायची, ती नीट पोचते. ही पद्धत सगळीकडे यावी असं मला मनापासून वाटतं.

टाकायला परवानगी असेलच तर: फूल पूर्ण पारदर्शक कागदात गुंडाळून, तोंड चिकटवून. सुटी पाकळी, पानाचा तुकडा, चकाकणारी भुकटी, पीस, रिबन, यांतलं काहीही पात्याखाली आलं तर पुढच्याचा पाय अडकतो. आपल्याकडच्या सवयीने झेंडू किंवा मोगऱ्याची वेणी न्यायचा मोह होईल. दोन्ही गळतात, नको. खेळणं मऊ, छोटं, मणी-बटणं नसलेलं. चॉकलेट, काच, नाणी कधीच नाहीत. पहिल्या काही रांगांतूनच टाका; वरच्या मजल्यावरून फेकलेलं अस्वल बर्फाऐवजी एखाद्या आजोबांच्या टकलावर पडतं. वेळ म्हणजे स्केटरने चारही बाजूंना वाकून नमस्कार केल्यानंतरची. पुढचा स्केटर बर्फावर आला की उशीर झाला, मग भेट परत घरी न्यायची.

गुण येतात तेव्हा

स्केटर आणि प्रशिक्षक एका बाकावर बसून गुणांची वाट पाहतात, पडद्यावर संथ गतीत पुन्हा तुकडे दिसतात. या वेळात बोला, टाळ्या द्या, नाव पुकारा. गुण आले की दाद द्या आणि लगेच बसा, कारण पुढचा माणूस एव्हाना बर्फावर आहे.

गुण कमी वाटले तर हुर्यो? २००२ साली सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या जेमी साले आणि डेव्हिड पेलेटिए या जोडीच्या कार्यक्रमानंतर प्रेक्षकांनी 'सिक्स'चा घोष केला होता, गुण तसे आले नाहीत, आणि पुढे एवढा गदारोळ झाला की त्यांना दुसरं सुवर्णपदक द्यावं लागलं आणि सहापैकी गुणांची जुनी पद्धतच मोडीत निघाली. तेव्हा प्रेक्षकांचा संताप खोटा नव्हता. पण आजची पद्धत वेगळी आहे. एक तांत्रिक मंडळ प्रत्येक उडी पुन्हा बघून फेऱ्या पूर्ण झाल्या का, पाय पात्याच्या योग्य कडेवर होता का हे ठरवतं; परीक्षक त्या घटकाला उणे ५ ते अधिक ५ अशी श्रेणी देतात; सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी श्रेणी वगळून सरासरी निघते. पाव फेरी कमी पडलेली उडी तिसाव्या रांगेतून निर्दोष दिसते. परीक्षक चुकत नाहीत असं नाही, चुकतात. पण हुर्यो ऐकू जाते ती बाकावर बसलेल्या स्केटरला, आणि आपल्या गुणांवर हुर्यो होतेय की आपल्यावर, हे त्याला कळत नाही. पुढच्याला तर त्याच गढूळ हवेत सुरुवात करावी लागते.

राग असेल तर हॉलमधून घरी आल्यावर अधिकृत निकालपत्र उघडा. प्रत्येक घटकाचे गुण त्यात असतात, आणि २०१६-१७ पासून कुठल्या परीक्षकाने काय दिलं हेही नावानिशी असतं. ते वाचून राग कायम राहिला तर तो निदान माहितीवर उभा असेल.

कॅमेरा, फलक, झेंडे

फ्लॅश बंद. फोन ऑटोवर ठेवू नका. तो अंधारात स्वतःच फ्लॅश टाकतो. घरून निघतानाच तपासा, कारण हॉलमध्ये लक्षात येतं ते पहिला फ्लॅश उडाल्यावर. फोकससाठी लागणारा कॅमेऱ्याचा लाल दिवाही बंद करा. मोठ्या लेन्सला बऱ्याच ठिकाणी मनाई असते, आणि व्हिडिओला प्रक्षेपणाच्या हक्कांमुळे बंदी असू शकते. फोन डोक्याच्या वर धरायचा नाही, मागच्याला त्याचाच उजळ चौकोन दिसतो.

कापडी फलक जपानी प्रेक्षकांकडून शिकावेत. प्रत्येकाच्या नावाचा नीटस फलक, परदेशी स्केटरच्याही, आणि तो नाव पुकारल्यावर छातीपाशी धरायचा, संगीत सुरू झालं की खाली. काठी लावायची नाही. तिरंगा नेणार असाल तर त्यावर स्केटरचं नाव किंवा संदेश लिहू नका. दुसऱ्या देशांचे चाहते लिहितात, पण आपल्या ध्वजसंहितेत त्याला मनाई आहे. संदेशासाठी वेगळं कापड घ्या.

सराव, गाला आणि हॉटेलची लॉबी

मोठ्या स्पर्धांत सराव बघायचंही तिकीट मिळतं, आणि माझ्या मते ते सर्वांत पैसे वसूल. नियम एवढाच की सरावाला सराव राहू द्या. ज्याचं संगीत चालू असतं त्याला बाकीचे वाट देतात. उडी सुटली तर टाळी नको, जमली तर थोडकी.

शेवटच्या दिवशीचा गाला, म्हणजे गुणांशिवायचा कार्यक्रम, हे मोकळं रान. ओरडा, ठेका धरा, 'पुन्हा एकदा' म्हणा. फक्त फ्लॅश इथे जास्त घातक, कारण हॉल काळोखा असतो आणि स्केटर एकाच झोतात फिरतो.

बाहेर कुणी भेटलं तर सही मागायला हरकत नाही, पण कार्यक्रमाच्या आधी नको, जेवताना नको, आणि प्रशिक्षकाशी बोलत असताना नको. हात लावून ओढू नका. वरिष्ठ गटाची किमान वयोमर्यादा आता १७ असली तरी ज्युनियर स्पर्धांत १३-१४ वर्षांची मुलं असतात; त्यांच्याबरोबरच्या मोठ्या माणसाला विचारल्याशिवाय फोटो काढू नये.

मुलांच्या स्पर्धा आणि आपण आईवडील

न्यू जर्सी, टोरांटो, बे एरिया इथल्या रिंकवर मराठी मुलं भरपूर दिसतात. क्लबच्या स्पर्धेला दीडशे पालक, एक थंड हॉल आणि लाकडी बाक. इथे ताण ऑलिंपिकपेक्षा जास्त असतो, आणि तो बर्फाच्या अलीकडचा.

कठड्यापाशी जाऊन सूचना देऊ नका. तिथे प्रशिक्षक उभा असतो, आणि मुलाला दोन आवाज आले की ते दोन्ही ऐकत नाही. 'हात वर, हात वर' असं बाकावरून ओरडणं म्हणजेही सूचनाच.

दुसऱ्याच्या मुलाबद्दल बाकावर काही बोलू नका. मराठीत तर मुळीच नको. 'हिला कशी काय पहिली दिली?' असं आपण बिनधास्त म्हणतो, कारण आजूबाजूला कुणाला कळणार? पुढच्या बाकावरच्या काकू वळून 'माझी नात आहे' म्हणाल्या की उरलेला दिवस कठीण जातो.

शूटिंग करायचं ते फक्त आपल्या मुलाचं, तेही आयोजकांनी परवानगी दिली असेल तर. दुसऱ्याचं मूल पडतानाचा तुकडा कुटुंबाच्या ग्रुपवर टाकणं तर कुठल्याच कारणाने समर्थनीय नाही. कार्यक्रम संपल्यावर आधी पाणी आणि जाकीट द्या. गुणांची चर्चा गाडीत, आणि तीही मुलाने काढली तर. शेवटच्या मुलाचा कार्यक्रम होईपर्यंत थांबा. आपलं झालं की सामान गोळा करून निघणारे पालक सगळ्यांच्या लक्षात राहतात, आणि जे मूल शेवटी उतरतं त्याच्या वाट्याला रिकामे बाक येतात.

महाराष्ट्रात चाकांच्या स्केटवरच्या आर्टिस्टिक स्केटिंगच्या स्पर्धा होतात. तिथे बर्फ नाही, बाकी सगळं हेच. फरक एवढाच की फरशीवर सांडलेलं पाणी किंवा थंड पेय चाकांना पाकळीइतकंच घातक असतं, तेव्हा बाटलीचं झाकण घट्ट लावा आणि ती कठड्यावर न ठेवता पायाशी ठेवा.